पंखा फिरस ना?

मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता, गाडीचा हीटर पूर्ण लावून सातपुड्याचा घाट चढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. शेजारी बायको, मागे वडील, त्यांच्या मांडीवर गादीची वळकटी, पायाशी गॅसची शेगडी, आणि समोरच्या जाळीतून तिघांच्या तोंडावर येणारा भट्टीचा वारा. याला वेड म्हणत नाहीत, विज्ञान म्हणतात. इंजिन तापलं की हीटर लावायचा, म्हणजे इंजिनातली थोडी उष्णता गाडीत येते आणि इंजिनला तेवढाच आराम. मी दहावीला विज्ञान शिकवतो. इंजिनला आराम मिळावा म्हणून घरची माणसं शिजवायची, ही कल्पना माझीच.

बायकोने पदर ओला करून डोक्यावर घेतला होता. म्हसावदला ओला केला होता, गावाबाहेर पडेपर्यंत तो वाळला. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता. तो कागद आणि समोरच्या तापमानाचा काटा, या दोनच गोष्टींकडे ती आळीपाळीने बघत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

कागदाचं सांगतो. वीस वर्षं तिने अंगणवाडीत सेविका म्हणून काढली. खिचडी, वजनकाटा, लसीकरणाच्या दिवशी रडणारी पोरं, सगळं. मग परीक्षा दिली आणि पर्यवेक्षिका झाली. नेमणूक मिळाली धडगावची, म्हणजे नंदुरबारच्या आमच्या घरापासून तापी ओलांडून, शहादा मागे टाकून, डोंगरात वर. आदेशात लिहिलं होतं की सात दिवसांच्या आत रुजू व्हावं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणं जाईल. त्या दुपारी सातवा दिवस चालू होता आणि कार्यालय संध्याकाळी बंद होणार होतं.

आधीचे सहा दिवस कुठे गेले? ते मी खाल्ले. दोनदा निघालो आणि दोनदा परत फिरलो. पहिल्यांदा प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरच काटा लाल रेघेला टेकला. दुसऱ्यांदा शहादा ओलांडून थोडं पुढे गेलो, तेव्हा बॉनेटमधून वाफ निघाली आणि मागच्या ऊसवाल्या ट्रॅक्टरने हॉर्न वाजवून आम्हाला कडेला घ्यायला लावलं. ती दोन्ही वेळा म्हणाली होती की मी आपली बसने जाते. दोन्ही वेळा मी म्हणालो, एवढं सामान घेऊन बसने? गाडी कशाला घेतली मग आपण?

आता गाडीच्या दुखण्याचं मूळ सांगायला हवं, आणि ते सांगताना माझी अब्रू जाते. जाऊ दे. तशी ती फार उरलेली नाही.

पंधरवड्यापूर्वी रेडिएटरमागचा हवेचा पंखा बंद पडला होता. विजेवर चालणारा पंखा, त्याची मोटर जळाली. साधी गोष्ट. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने दहा मिनिटांत नवी मोटर बसवली आणि हात पुसले. मी भंगारबाजारातून जुनी मोटर आणली, अंगणात बॉनेट उघडलं आणि कामाला लागलो. मोटरला दोन वायरी होत्या. दोन्ही काजळून एकाच रंगाच्या झालेल्या. गाडीतूनही दोन आल्या होत्या. दोनाला दोन जोडायच्या, यात चुकायला काय आहे, असं मला वाटलं.

शेजारी वडील उभे होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांनी तीस वर्षं याच डोंगरातून लाल बस चालवली. धडगाव, मोलगी, तोरणमाळ, रस्ते नव्हते तेव्हापासून. वर्षापूर्वी मी गाडी घेतल्यापासून ते तिच्यात मागच्या सीटवर बसतात आणि बस चालवतात. मी चालवत असतो, पण चालवतात तेच. गियर उतार, ब्रेकवर पाय नको ठेवू, त्या बैलगाडीला आधी जाऊ दे. वर्षभर मी ते सोसलं. त्या दिवशी अंगणात ते खाली वाकून म्हणाले, "अरे, त्या वायरी..." आणि माझा तोल गेला. हातात पक्कड, घामाने चष्मा घसरलेला, शेजारणी कठड्यावरून बघतायत. मी म्हणालो, "आप्पा, आते गाडीबद्दल एक सबद बोलनात ते तुमले मन्ही आन शे."

आन म्हणजे शपथ, पण शपथेपेक्षा जड. माझी आन मोडली तर माझं काहीतरी वाईट होणार, असा त्याचा अर्थ. लहानपणी आम्ही चिंचेच्या एका बोटुकासाठी, म्हणजे शेंगेसाठी, दिवसात दहादा आन घालायचो आणि सोडायचो. घालणाऱ्यानेच तोंडाने "सुटनी" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. मला वाटलं, वाक्य आहे, बोलून गेलं. आप्पांनी पक्कडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घरात निघून गेले. त्या दिवसापासून गाडीविषयी त्यांच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. मला वाटलं, काय सोपा उपाय होता हा, वर्षापूर्वीच करायला हवा होता.

पंखा फिरला. मी टाळी वाजवली. आणि गाडी तापतच राहिली.

मग मी तिला कोरीटच्या रस्त्यावरच्या मिस्तरीकडे नेली. हा माणूस हुशार, सगळी गाडी कान लावून ओळखणारा. शाळेतल्या सवयीने मी त्याला शुद्ध मराठीत म्हणालो, गाडीचा जरा तपास करा. त्याने मान वर केली. "तपसच ते, सर. त्यामा आखो काय तपास?" तपस म्हणजे आमच्या अहिराणीत तापते, आखो म्हणजे आणखी. त्याचे सोबती हसले, मीही हसलो, आणि त्या हसण्यात त्याने विचारलेला एकमेव कामाचा प्रश्न वाहून गेला. पंखा कोणी बसवला, असं त्याने विचारलं होतं. मी बसवला, असं सांगायचं होतं. पण चार कारागिरांच्या समोर विज्ञानाच्या मास्तरने मोबाइल बघून पंखा बसवला हे कसं सांगणार? मी म्हणालो, धुळ्याला, मोठ्या गॅरेजात.

धुळ्याचं नाव ऐकून तो गप्प झाला. मोठ्या गावच्या कामात हात घालायचा नाही, ही त्याची रीत. त्याने फक्त विचारलं, "पंखा फिरस ना?"

मी म्हणालो, "फिरस."

आणि आमचा दोघांचा त्या पंख्याशी संबंध संपला. पुढे जे झालं ते सगळं पंखा सोडून झालं. रेडिएटर उतरवून धुतला. तरी तापली. थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारी छोटी झडप. तरी तापली. रेडिएटरचं झाकण नवं, पाइप नवे, हिरवं कूलंट नवं, शेवटी पाण्याचा पंपच नवा. दर वेळी मिस्तरी सकाळी सात वाजता कडुनिंबाखाली अर्धा तास गाडी चालू ठेवायचा, काटा मध्यावर राहायचा, तो मान डोलवायचा, मी घरी यायचो, आणि रस्त्याला लागलो की काटा पुन्हा वर. शेवटी तो हताश होऊन म्हणाला की आता हेड उघडावं लागेल, म्हणजे इंजिनचं डोकंच. त्याचा चेहरा असा होता की मला एखाद्या नातेवाइकाच्या ऑपरेशनविषयी सांगतोय असं वाटलं.

याच दिवसांत आप्पांना एक नवीन खोड लागली. ते अंघोळ करून आले की ओला पंचा घेऊन गाडीच्या पुढे उभे राहायचे. मी काटा बघायला अंगणात गाडी चालू ठेवलेली असायची. आप्पा पुढच्या जाळीसमोर पंचा दोन्ही हातांनी ताणून धरायचे. पंचा फडफडायचा. मग माझ्याकडे बघायचे. पुन्हा पंच्याकडे. पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, वय झालं. मी बायकोला हळूच म्हणालोसुद्धा की आप्पांकडे जरा लक्ष ठेव, दोरी असून गाडीवर कपडे वाळवतात. आणि एके सकाळी मी त्यांना गाडीपुढून हात धरून बाजूला केलं. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी दर वर्षी मार्चच्या परीक्षेत काही मुलांकडे बघतो.

तर सातवा दिवस. आप्पा बरोबर आले होते, कारण धडगावजवळच्या एका पावरा आदिवासी घरात बायकोची राहण्याची सोय व्हायची होती. ते घर आप्पांच्या बसच्या दिवसांतल्या ओळखीचं, आणि तिथली म्हातारी आमच्यापैकी आप्पांशिवाय कुणाला ओळखत नव्हती. म्हसावदला पाण्यासाठी थांबलो तेव्हा काटा मध्याच्या थोडा वर होता. समोर स्टॅंडवर धडगावची बस उभी होती. इंजिन चालू, दारात दोन माणसं. बायकोने पिशवी उचलली, दार उघडलं, एक पाय खाली टाकला.

इथे मी काहीच बोललो नसतो तर ही गोष्टच झाली नसती. पण मी बोललो. पंप नवा आहे, झडप नवी आहे, आता तापायला उरलंय काय? बसमध्ये गर्दी आहे. शेगडी कोण उतरवणार? ती माझ्याकडे बघत राहिली. बसच्या वाहकाने दोरी ओढून घंटा दिली. तिने पाय आत घेतला.

पुढचा तासभर मी काट्याच्या आत राहिलो. माणूस खोलीत राहतो, तसा. घाट सुरू झाला, गाडी दुसऱ्या गियरवर आली, आणि काटा केसाकेसाने वर सरकू लागला. थांबावं तर सावली नाही. वळावं तर रस्ता एवढा अरुंद की मागे पुढे करताना एक चाक दरीकडे जावं. पुढे जावं तर चढ. एसी लावता येत नव्हता, त्याने आणखी तापली असती. काच उघडली की बाहेरची तापलेली लू आत, बंद केली की हीटर. मी मनातल्या मनात काट्याची मनधरणी करत होतो. साग वाळून गेलेले, पानं खाली, आणि उघड्या खडकावरून उठणारी ती कंप पावणारी हवा. फोनला रेंज नव्हती. मागे आप्पा गादीच्या वळकटीवर हनुवटी टेकवून बसलेले, ओठ घट्ट मिटलेले. तीस वर्षं ज्या वळणांवर त्यांनी बस घातली त्या प्रत्येक वळणावर त्यांचे पाय खाली शेगडीवर दाब देत होते. ब्रेक, क्लच. ठक, ठक.

तिसऱ्या वळणावर काटा लाल रेघ ओलांडून गेला आणि वाफ आली. मी गाडी कडेला लावली, खाली उतरलो, बॉनेट उघडलं, आणि सगळ्या मूर्खांचं शेवटचं काम करायला निघालो: रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण पिरगळायला. आप्पांनी मागून माझं मनगट धरलं. एक शब्द बोलले नाहीत, पण पकड अशी की बस चालवणाऱ्याचे हात काय असतात ते मला त्या वयात पुन्हा कळलं. उकळतं पाणी माझ्या तोंडावर आलं असतं.

मग ते गाडीच्या पुढे गेले. इंजिन मी अजून बंद केलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि जाळीसमोर धरला. पंचा फडफडत पुढे आला, त्यांच्या छातीवर चिकटला. ते माझ्याकडे बघू लागले.

मी चिडून काही बोलणार, एवढ्यात बायको खाली उतरली. तिने सासऱ्यांच्या फडफडत्या पंच्याकडे पाहिलं, त्यांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग मला शुद्ध मराठीत विचारलं. घरात आम्ही अहिराणीत बोलतो. शुद्ध मराठी ती कार्यालयात वापरते, आणि माझ्यावर संतापली की.

"तुम्ही आप्पांना आन घातली आहे का?"

मी म्हणालो की तशी नाही, म्हणजे बोलताना...

"सोडा ती. आत्ता."

माझं वय पन्नासच्या पुढे. गळ्यात चष्म्याची दोरी. भर घाटात, वाफेच्या ढगात उभं राहून चिंचेच्या बोटुकावर भांडणाऱ्या पोरासारखं "सुटनी" म्हणायचं? मला ते जमेना. मी बॉनेटच्या खिळीशी चाळा करत राहिलो. मी खरंच अडकलो होतो, आणि घाटापेक्षा त्या एका शब्दात जास्त. खालून जीपचा आवाज येऊ लागला, काळीपिवळी, टपावर माणसं असलेली. बायकोने घड्याळ पाहिलं.

"सुटनी," मी म्हणालो.

आप्पांनी पंचा खांद्यावर टाकला. घसा खाकरला. पंधरा दिवसांनी गाडीविषयी त्यांचा पहिला शब्द काय असेल म्हणून मी तयार होतो.

"पहिले वहुले जीपमा बसाड," ते म्हणाले. "गाडीनं मंग बोलसू."

जीप थांबली. आत श्वास घ्यायला जागा नव्हती, पण ड्रायव्हरने आप्पांना पाहिलं, ओळखलं की नुसतं वय पाहिलं कोण जाणे, आणि पुढच्या सीटवरच्या दोघांना सरकवून तिला अर्धी सीट दिली. तिने कागदाची पिशवी छातीशी धरली. शेगडी, गादी, भांडी सगळं आमच्याकडे राहिलं. ती मागे वळून आप्पांना म्हणाली की या सावकाश. मला काही म्हणाली नाही.

जीप वळणाआड गेल्यावर आप्पा म्हणाले, "पंखा उलटा फिरी ऱ्हायना."

रेडिएटरमागचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. माझा पंखा इंजिनची गरम हवा बाहेर ढकलत होता. गाडी उभी असली, सकाळची थंड वेळ असली, तर तेवढ्यावर कसंबसं भागायचं. पण रस्त्यावर समोरून येणारा वारा आत यायला बघायचा आणि पंखा त्याला तोंडावर दार लावायचा. दोघांच्या भांडणात रेडिएटर उकळायचा. वायरी उलट जोडल्या की विजेची दिशा उलटते, आणि दिशा उलटली की मोटर उलटी फिरते. हे मी दर वर्षी दहावीला शिकवतो. डाव्या हाताची तीन बोटं ताणून दाखवतो. परीक्षेत हमखास विचारतात म्हणून खाली दोन रेघा मारायला लावतो.

मी आप्पांना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? पहिल्या दिवसापासून, ते म्हणाले. गाडीपुढे उभं राहिलो तर नडग्यांना गरम वारा लागला. मी म्हणालो, मग सांगितलं का नाही, एवढी गाडी खोलली, सुनेची नोकरी जायची वेळ आली, एक आन मोडली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?

"आन तुन्ही व्हती ना," ते म्हणाले. "दुसरानी ऱ्हाती ते कवयच तोडी टाकतू."

मी वायरींची चिकटपट्टी दातांनी सोलायला लागलो. इंजिन गार व्हायला तासभर लागला. आम्ही गादीची वळकटी रस्त्याकडेला टाकून तिच्यावर बसलो. मग मी वायरींची अदलाबदल केली, पाणी भरलं, गाडी चालू केली. पंखा लागला तसा आप्पांनी पंचा जाळीसमोर सोडला. तो जाळीला चपकन चिकटून बसला. आप्पांनी तो तसाच चिकटलेला बराच वेळ बघितला. मी हीटर बंद केला, आणि त्या घाटात काटा मध्यावर ठेवून वर गेलो.

धडगावला पोचलो तेव्हा कार्यालयाचा शिपाई खिडक्या लावत होता. बायको व्हरांड्यात बाकावर बसलेली, हातात चहाचा कागदी कप. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं की सही झाली. कार्यालयातल्या बाई टेबल आवरायला लागल्या होत्या, पण रजिस्टर पुन्हा उघडलं.

आप्पा कुणालातरी म्हातारीच्या घराचा पत्ता विचारायला फाटकाकडे गेले. मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं कबूल केलं. वायरी, मोबाइल, धुळ्याचं खोटं, पंचा. मला वाटलं होतं ती हसेल, कारण सांगताना मी ते हसण्यासारखं सांगितलं होतं. ती ऐकत राहिली. मग विचारलं की मी इथे यावं असं तुम्हाला वाटत होतं का.

मी म्हणालो, म्हणजे काय, मीच तर आणत होतो ना तुला. तीन वेळा.

तिने कप खाली ठेवला.

"मांगे फिरनूत तवय तुम्ही शिट्टी वाजाडी ऱ्हायनथात," ती म्हणाली. "दोन्ही येळे."

मला पंखा आठवला, पूल आठवला, शहाद्याचा ट्रॅक्टर आठवला. मागे फिरताना शिट्टी वाजवल्याचं आठवेना. पण मागे फिरल्यावर घरी जाताना आपल्याला एवढं हलकं का वाटतंय, हे मी दोन्ही वेळा स्वतःला विचारलं होतं, ते आठवलं. मी म्हणालो, वाजवली असेल.

आप्पा फाटकातून हाक मारत होते, म्हातारी वाट बघत असेल, अंधाराच्या आत पोचायला हवं. ती उठली. रस्ता दाखवायला आता आप्पा पुढे बसणार होते. मी गाडीचं मागचं दार उघडून शेगडी पुढे ओढली, म्हणजे तिला बसायला जागा होईल.